श्रमाच्या शाळेचे कुलगुरू : कर्मवीर भाऊराव पाटील

सातारा शहरात १९४० साली एक माध्यमिक शाळा सुरू झाली. तिचे नाव महाराजा सयाजीराव विद्यालय. बडोद्याच्या ज्या नरेशाने १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला, १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू केला आणि पुढे १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभी केली, त्या सयाजीराव गायकवाडांचे निधन होऊन तेव्हा पुरते दीड वर्षही लोटले नव्हते. शाळा बडोद्यापासून शेकडो कोस दूर. चालविणारी संस्था रयत शिक्षण संस्था. तिचे कर्तेधर्ते भाऊराव पायगौंडा पाटील. ही शाळा मोफत आणि वसतियुक्त होती. मोफत या शब्दाचा अर्थ मात्र येथे नेहमीपेक्षा निराळा होता. विद्यार्थ्याकडून पैसा घ्यायचा नाही, पण त्याला धर्मार्थही काही द्यायचे नाही. त्याने अंगमेहनत करावी आणि त्या मेहनतीच्या बळावर शिकावे, अशी ती व्यवस्था होती. कवळाण्याच्या शेतकरी घरातून राजवाड्यात आलेल्या एका महाराजाच्या नावाने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अशी शाळा निघावी, यात औचित्य होते. बडोदेकरांनी या नात्याची आठवण ठेवण्यासारखी आहे. म्हणून त्या शाळेमागच्या माणसाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे, मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगौंडा महसूल खात्यात कारकून असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे. आई गंगाबाई. मुलाचे शरीर दणकट, स्वभाव बंडखोर. तालीम, पोहणे आणि रानात भटकणे यांत त्याचा जीव रमे. पुस्तकात तितका रमत नसे. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाट या मुलाने मोडून टाकल्याची हकिकत त्यांच्या बहुतेक चरित्रांत आढळते. तिचा तपशील चरित्रागणिक थोडा बदलतो, पण पुढील आयुष्य पाहिले म्हणजे ती अगदी स्वाभाविक वाटते.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे माहेरघर. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. ज्या समाजांत शिक्षणाची परंपराच नव्हती, त्यांना शिक्षणाकडे वळविण्याचा हा मार्ग होता आणि त्या क्षणी तो योग्यही होता. परंतु त्यात एक उणीव होती. मुलगा शिकून शहाणा झाला, तरी जेवताना तो आपल्याच जातीच्या पंगतीत बसत होता. भाऊरावांच्या आयुष्याला वळण लागले ते याच ठिकाणी. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच भोजनगृहात पाऊल टाकावे, असा हुकूम झाला. भाऊरावांनी तो मानला नाही. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना बाहेरची वाट दाखविली. वसतिगृहातून निघालेला हा विद्यार्थी काही काळ खुद्द शाहू छत्रपतींच्या आश्रयाला राहिला. त्या सहवासात त्याला जे मिळाले ते क्रमिक पुस्तकांत नव्हते. परीक्षेत मात्र यश आले नाही. इंग्रजी सहावीपर्यंत मजल जाऊन शालेय शिक्षण संपले. ज्याने पुढे शेकडो शाळा काढल्या, त्याची स्वतःची शाळा अशी अर्ध्यावर सुटली होती.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट उल्लेखनीय आहे. शाळेच्या दाराबाहेर बसून आतला धडा ऐकणारा ज्ञानदेव घोलप नावाचा एक महार मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याला त्यांनी कोल्हापुरास नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. हाच मुलगा पुढे १९२१ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्य वर्गाचा प्रतिनिधी म्हणून बसला. भाऊरावांची संस्था निघायच्या आधीचा हा त्यांचा पहिला विद्यार्थी मानावयास हरकत नाही.

१९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. संशयाचा रोख लठ्ठे यांच्यावर होता आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. हेच ते लठ्ठे, ज्यांनी त्यांना बोर्डिंगातून काढले होते. जुना हिशेब चुकता करावयाचा असता, तर याहून सोयीची संधी मिळाली नसती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यापायी तुरुंगवास आला, छळ सोसावा लागला, आणि तो असह्य होऊन जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्नही त्यांच्या हातून घडला. सुटका झाल्यावर ते या प्रकरणाचा डांगोरा पिटीत बसले नाहीत. लठ्ठे पुढे बेळगावला वकिली करू लागले, कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही झाले.

यापुढची काही वर्षे पोटापाण्याच्या उद्योगात गेली. साताऱ्यात त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या, ओगले यांच्या काचसामानाची विक्री केली, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत खेडोपाडी फिरले, मग कूपर यांच्या कारखान्याशी त्यांचा संबंध आला आणि मतभेद होऊन तुटलाही. चरित्रकार या कालखंडावरून घाईने पुढे जातात. तसे करणे बरोबर नाही. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या बांधावर बसावे लागते, त्याची जमीन पाहावी लागते, त्याच्यावर कर्ज किती, घरात माणसे किती आणि त्यांतील मुले काय करतात, हे सारे कळावे लागते. दक्षिण महाराष्ट्रातील कुणब्याच्या घरात मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की तो गुरांमागे जातो. शाळा गावात नसते, असली तर परगावी राहून शिकण्याला पैसा नसतो, आणि पैसा असला तरी आपल्या जातीच्या मुलाला तेथे कोण ठेवून घेणार, ही भीती असते. हे सगळे भाऊरावांना अहवाल वाचून कळलेले नव्हते. त्यांनी ते फिरतीवर पाहिले होते. संस्थेची जडणघडण पुढे ज्या पद्धतीने झाली, तिचे मूळ या फिरतीत आहे.

दुधगाव येथे १९१० च्या सुमारास काही सहकाऱ्यांच्या साह्याने विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम निघाला होता. तो या कामाचा पूर्वरंग होय. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीचे वारे तेव्हा त्या भागात जोरात वाहत होते आणि संस्थेच्या नावातील रयत हा शब्द त्याच वाऱ्यावर आलेला आहे. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली आणि श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव त्याला देण्यात आले. गांधीजींना येथे जे दिसले ते त्यांच्या साबरमतीच्या आश्रमातही सहजासहजी जमलेले नव्हते. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण, धनगर, रामोशी अशा नाना जातींची मुले एकाच चुलीवर शिजलेले अन्न एकाच पंगतीत जेवत होती, आणि ती चूलही तीच मुले पेटवीत होती.

या वसतिगृहाचे अंतरंग समजून घेतले पाहिजे. नोकरचाकर जवळजवळ नव्हतेच. पहाटे उठून मुले पाणी भरीत, अंगण झाडीत, दळण-कांडण करीत, पाळीपाळीने भाकऱ्या थापीत, भांडी घाशीत, लाकडे फोडीत. त्यानंतर शाळा. शाळा सुटल्यावर शेतात खुरपणी, दगड फोडणे, माती वाहणे, बांधकामावर हात देणे. वाटणी करताना जात पाहिली जात नसे, एवढे म्हटल्याने पुरेसे चित्र उभे राहत नाही. एखाद्या पाटलाच्या मुलाला भांडी घासण्याची पाळी यावी आणि त्याच दिवशी मांगाच्या मुलाने स्वयंपाकघरात भाकरी थापावी, असे १९२४ सालच्या साताऱ्यात घडणे म्हणजे काय, हे ज्यांनी त्या काळातील खेडे पाहिले नाही त्यांना सहज उमगणार नाही. मुलांचे आईबाप भेटीला येत, तेव्हा काहींच्या पोटात गोळा उठत असेल. तरी त्यांनी मुले काढून नेली नाहीत, कारण दुसरी शाळा नव्हती आणि या शाळेतली मुले शिकत होती.

धान्याचा प्रश्न कायमचा होता. गावोगाव घरटी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते संस्थेला द्यावे, अशी मुष्टिफंडाची योजना भाऊरावांनी राबविली. ते गोळा करावयास विद्यार्थीही जात. ज्या घरात स्वतःला पुरेसे नव्हते, तेथूनही मूठ येई, आणि ती आणणाऱ्या मुलाला आपण कोणाचे अन्न खातो हे कळे. नागरिकशास्त्राच्या तासाला हा धडा शिकविता आला नसता.

तरीही कोठार रिकामे पडण्याचे प्रसंग आलेच. अशा वेळी आधार होता तो लक्ष्मीबाईंचा. माहेरच्या त्या आदक्का, सुखवस्तू घरातून अंगभर सोने लेऊन आलेल्या. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईंनी साऱ्या जातींच्या मुलांना आपल्या घरात घेतले आणि त्यांचे आजारपण काढले. अंगावरचा एकेक दागिना मोडीत अथवा गहाण पडत गेला. शेवटी घरात दाणा नसताना मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. कर्मवीर ही पदवी त्यांच्या पतीला लोकांनी दिली; लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तशी पदवी आली नाही. संस्थेच्या इतिहासात त्यांना भाऊरावांच्या मागे उभे करण्यात येते. त्यांची जागा शेजारी आहे.

श्रमाचा आग्रह भाऊरावांनी का धरला, याविषयी थोडे थांबून विचार करावयास हवा. शिक्षणाबरोबर हातांनी काम, ही कल्पना जगाला नवीन नव्हती. अमेरिकेत बुकर वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे १८८१ साली निग्रो विद्यार्थ्यांसाठी जी शाळा काढली, तिच्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनीच भाजल्या होत्या. गांधीजींची वर्धा शिक्षणयोजना १९३७ सालची. तिच्यात हस्तोद्योग हे शिकण्याचे माध्यम होते. सूत कातता कातता गणित आणि भूगोल यावा, अशी तिची मांडणी होती. भाऊरावांची दृष्टी याहून साधी आणि कदाचित म्हणूनच टिकाऊ ठरली. त्यांच्या लेखी श्रम हे भूगोल शिकविण्याचे साधन नव्हते. भूगोल भूगोलाच्या तासाला शिकावा आणि तो चांगला शिकावा. श्रमाने तीन गोष्टी साधायच्या होत्या : शिकण्याचा खर्च भागावा, कोणाच्या दयेवर जगल्याची खंत मनात राहू नये, आणि शिकलेल्या माणसाला कुदळीची लाज वाटू नये.

यावर एक रास्त शंका घेता येते. ब्राह्मणाच्या अथवा सावकाराच्या मुलाला श्रमाची गोडी लावणे ठीक. पण कुणब्याच्या आणि महाराच्या पोराला ती कशाला? त्याच्या बापजाद्यांनी दुसरे केले काय? त्या कष्टातून सुटावे म्हणूनच तर तो शाळेत आला. ही शंका पोकळ नाही. गरिबांच्या शाळेत श्रम आणि श्रीमंतांच्या शाळेत विद्या, अशी वाटणी झाली तर ती जुन्याच चातुर्वर्ण्याची नवी आवृत्ती ठरेल. भाऊरावांच्या व्यवस्थेत या शंकेचे उत्तर दोन ठिकाणी सापडते. एक तर श्रम सर्व जातींना सारखे होते. तेथे कोणत्याही कामाला जात चिकटू दिली नाही. दुसरे असे की, श्रम करणाऱ्याला त्यांनी श्रमापाशी थांबविले नाही. वसतिगृहात राहून शिकलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दगड फोडणाऱ्या मुलाला कुलगुरुपदापर्यंत वाट मोकळी असली, तर दगड फोडणे ही शिक्षा राहत नाही. ती वाट बंद असती, तर मात्र शंका घेणाऱ्यांचेच खरे ठरले असते.

१९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. नावातच त्याचा हेतू आहे. १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले, त्यालाच पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळाले. येथून भाऊरावांच्या कामाने निराळे वळण घेतले. वसतिगृहातील मुलगा आतापर्यंत स्वतःसाठी आणि आपल्या सोबत्यांसाठी राबत होता. आता शिकून तयार झालेले तरुण जेथे शाळाच नाही अशा गावी धाडले जाऊ लागले. डोंगरातील वाड्या, रस्ता नसलेली खेडी, शे-दीडशे उंबऱ्यांच्या वस्त्या. देवळाच्या ओवरीत, गोठ्याच्या पडवीत अथवा झाडाखाली शाळा भरे. मास्तराला पगार तुटपुंजा, कित्येकदा गावकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर गुजराण. अशा शेकडो व्हॉलंटरी शाळा संस्थेने चालविल्या आणि त्या मार्गी लागल्यावर सरकारी शाळामंडळाच्या स्वाधीन केल्या. आपण लावलेले रोप दुसऱ्याच्या अंगणात देऊन टाकण्याचा हा मोकळेपणा संस्थाचालकांत विरळा. स्त्रियांना अध्यापिका करण्यासाठी १९४२ साली जिजामाता विद्यालयही निघाले.

विद्यार्थ्यांची समाजसेवा हा विषय पुढे सरकारदरबारी मान्य झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि शिबिरांतून मुले रस्ते बांधू लागली. त्या शिबिरांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. फरक ध्यानात घ्यावा एवढाच की, शिबिर दहा दिवसांत उठते आणि मुलगा घरी परततो. भाऊरावांच्या मुलांना परतण्यासाठी वेगळे असे घर नव्हते. ज्या समाजाची सेवा करावयाची, त्यातच ते जन्मले होते.

१९४० च्या सयाजीराव विद्यालयाचा उल्लेख वर आलाच आहे. तेथे कमवा आणि शिका या योजनेला माध्यमिक शाळेचे पक्के रूप मिळाले. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले आणि तीच योजना महाविद्यालयात आली. पदवीचा विद्यार्थी सकाळी शेक्सपिअर वाचतो आणि दुपारी पाटीने माती वाहतो, हे दृश्य पाहावयास त्या काळी लोक मुद्दाम येत. कॉलेजची जमीन सपाट करण्यात आणि आवार उभे करण्यात विद्यार्थ्यांच्या हातांचा वाटा मोठा होता.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. स्मारकाची त्यांची कल्पना हीच होती. पुतळ्याचा अनुभव त्यांनी तरुणपणी पुरेसा घेतला होता. याच काळात सरकारशी त्यांचा खटका उडाला. त्यांची जीभ तिखट, सभेत बोलताना मुलाहिजा ठेवण्याची सवय नाही. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात संस्थेचे अनुदान बंद पडले. शेकडो शाळांचे शिक्षक, हजारो मुले आणि तिजोरीत खडखडाट, अशी अवस्था झाली. येथे भाऊरावांचा दोषही सांगितला पाहिजे : इतक्या मुलांची जबाबदारी शिरावर असलेल्या माणसाने बोलताना थोडा हात राखणे इष्ट होते. पण हात राखून बोलणारा माणूस जैन बोर्डिंगात आंघोळ करून मुकाट जेवावयास बसला असता आणि पुढचे काहीच घडले नसते, हेही तितकेच खरे. संस्थेला लोकांनी या अडचणीत तगविले. गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. झाडू हाती घेऊन गावे स्वच्छ करणारा तो संत आणि कुदळ हाती देऊन मुले शिकविणारा हा गृहस्थ, दोघांचेही शालेय शिक्षण बेताचे. दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. १९५४ साली कराड येथे निघालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. पाठोपाठ १९५५ साली साताऱ्यात शिक्षकांच्या पदवीशिक्षणासाठी आझाद महाविद्यालय निघाले.

संस्थांची नावे एका ओळीत वाचण्यासारखी आहेत. शाहू छत्रपती, सयाजीराव, महात्मा फुले, जिजामाता, शिवाजी महाराज, गाडगे महाराज, मौलाना आझाद. भाऊराव हयात असताना त्यांत त्यांचे स्वतःचे नाव नव्हते. बोधचिन्ह म्हणून त्यांनी वटवृक्ष निवडला, ज्याची पारंबी जमिनीला टेकली की स्वतःच खोड होते.

वय झाले, दाढी पांढरीशुभ्र झाली, शरीर मधुमेहाने आणि हृदयविकाराने पोखरले, तरी दौरे थांबले नाहीत. खादीची घोंगडीवजा शाल, हातात काठी, अशा वेशात ते एखाद्या शाळेत अवचित येऊन उभे राहत आणि प्रथम स्वयंपाकघर पाहत. १९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली. इंग्रजी सहावीपाशी शिक्षण संपलेल्या या माणसाच्या नावामागे ती पदवी जेमतेम महिनाभर लागली. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. त्या दिवशी रयत शिक्षण संस्थेच्या शंभरावर माध्यमिक शाळा आणि तीन महाविद्यालये चालू होती. त्यांची समाधी साताऱ्यास आहे.